पोटाचं जुनं ऑपरेशन असेल, तर पुन्हा भूल घेण्याआधी

सोयाबीन निघालं, कापसाचे पहिले पैसे हातात आले, की आमच्याकडे राहून गेलेल्या ऑपरेशनांची रांग लागते. हर्निया, पित्ताशयातले खडे, वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या गाठी. येणाऱ्यांत साठी ओलांडलेले बरेच असतात. तपासायला सदरा वर केला की कित्येकांच्या पोटावर छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उभा, जुना व्रण दिसतो. त्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, "ते त लय जुनं झालं मॅडम, त्याचं आता कायले सांगाचं?"

मी भूल देणारी डॉक्टर आहे. माझ्या दृष्टीने त्या माणसाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती अनेकदा त्या व्रणातच असते. हर्निया कुठला, खडे किती, ते सर्जन बघतील. पण जठरावर पूर्वी कात्री चालली असेल, तर पूर्ण भूल देताना पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाण्याचा धोका वाढतो. "रात्री बारानंतर काही खाऊ नका" एवढा नेहमीचा नियम मग पुरत नाही. घरातल्या अशा माणसाला घेऊन तुम्ही पहिल्यांदाच ऑपरेशनला निघाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गावातल्या आशाताईंना आणि वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांनाही तो कामी यावा.

आधी धोका नीट समजून घ्या

घशात अन्नाची वाट आणि श्वासाची वाट शेजारी शेजारी असतात. जागेपणी चुकून पाण्याचा थेंब श्वासनलिकेत गेला तरी जोराचा ठसका लागतो आणि तो थेंब बाहेर पडतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडपही असते, ती पोटातलं वर येऊ देत नाही. पूर्ण भूल दिली की ठसका बंद होतो आणि झडप सैल पडते. त्या वेळी जठरात काही असेल तर ते आवाज न करता घशात येतं आणि तिथून फुफ्फुसात उतरतं. जठरातलं आम्ल फुफ्फुसाला भाजतं, घट्ट अन्नाचा तुकडा वाट बंद करतो आणि पुढे न्यूमोनिया होतो. डॉक्टर याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात.

कर्टिस मेंडेलसन या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञाने १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून याचं वर्णन केलं. त्यात ६६ स्त्रियांच्या फुफ्फुसात पोटातलं गेलं होतं, आणि ज्या दोघी दगावल्या त्या घट्ट अन्नाने श्वास कोंडल्यामुळे. ऑपरेशनआधी उपाशी ठेवण्याची आजची शिस्त बऱ्याच अंशी त्या कामावर उभी आहे. आज हा प्रकार फार विरळा झाला आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या दोन लाखांहून अधिक भुलांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण ३,२०० भुलांमागे एकदा असं घडलेलं आढळलं, आणि तातडीच्या ऑपरेशनांत सुमारे ९०० मागे एकदा. हे आकडे सरसकट सगळ्या रुग्णांचे आहेत, म्हणून घाबरून ऑपरेशनच टाळावं असं काही नाही. पण ज्याच्या जठराची रचनाच बदललेली आहे, त्याने हे आकडे स्वतःला लावून निश्चिंत होऊ नये.

रचना बदलते म्हणजे काय? जठर कापलं की साठवणीची जागा कमी होते. जठराला हलवणारी नस कापलेली असेल तर अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. काही ऑपरेशनांत अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली ती झडप कमकुवत होते, काहींत ती राहतच नाही. झाकण नसलेली बाटली आडवी केल्यावर जे होतं, तेच अशा माणसाला टेबलावर उताणं निजवून बेशुद्ध केल्यावर होऊ शकतं. जठराचा भाग काढलेल्या रुग्णांची रात्रभर उपाशी ठेवून दुर्बिणीने तपासणी केली, तरी आत आदल्या दिवशीचं अन्न सापडतं, हे एन्डोस्कोपी करणाऱ्यांना नेहमी दिसतं. "पण मी तर कालपासून काहीच खाल्लं नाही" हे रुग्णाचं म्हणणं खरं असतं, आणि तरीही पोट रिकामं नसतं.

पहिलं काम: कोणतं ऑपरेशन झालं होतं ते शोधा

"पोटाचं ऑपरेशन" एवढ्याने काही कळत नाही. अपेंडिक्स, नसबंदी, सिझेरियन ही पोटाचीच ऑपरेशनं आहेत, पण त्यांत जठराला हात लागत नाही. त्यामुळे ट्रंकेतला, पिशवीतला, देव्हाऱ्यामागचा जुना डिस्चार्ज कागद शोधा. इंग्रजी वाचता येत नसेल तरी सोबत आणा. पिवळा पडलेला, अर्धा फाटलेला कागदही चालतो, त्यावरचा एकच शब्द आम्हाला पुरे होतो.

आमच्या भागात जी जुनी ऑपरेशनं जास्त दिसतात, त्यांत पहिलं अल्सरचं. सत्तर-ऐंशीच्या दशकात आतड्याच्या सुरुवातीला झालेल्या अल्सरवर ऑपरेशन हाच मोठा इलाज होता. आम्ल कमी व्हावं म्हणून जठराची नस कापायची, आणि अन्नाला नवी वाट मिळावी म्हणून जठर लहान आतड्याला जोडायचं. कागदावर ‘व्हेगोटॉमी’ आणि ‘जीजे’ असं लिहिलेलं असतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ च्या सुमारास अल्सरमागचा जंतू शोधला, त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. ओमेप्राझोलसारख्या गोळ्याही आल्या आणि ही ऑपरेशनं जवळजवळ बंद पडली. पण तेव्हा पंचविशी-तिशीत असलेली माणसं आज हर्निया घेऊन, मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन आमच्याकडे येतात. नव्या डॉक्टरांनी हे ऑपरेशन फक्त पुस्तकात पाहिलेलं असतं, म्हणून तुम्ही सांगणं आणखी गरजेचं आहे.

अल्सर फुटून फक्त भोक बुजवलं असेल तर जठर जागच्या जागी असतं आणि धोका तुलनेने कमी. मात्र भरून येताना पुढची वाट अरुंद झाली असेल तर तो पुन्हा वाढतो.

जठराच्या कॅन्सरसाठी अर्धं किंवा पूर्ण जठर काढलेलं असतं. "जठरच नाही तर आम्ल कुठलं, मग भीती कसली?" असं एका सुशिक्षित मुलाने मला विचारलं होतं. प्रश्न योग्य आहे. पण पूर्ण जठर काढल्यावर आतड्यातलं पित्त आणि पाचकरस थेट अन्ननलिकेत चढतात, अन्न अन्ननलिकेच्या खालच्या भागात साचून राहतं, आणि त्या रसांनीही फुफ्फुसाला इजा होतेच. अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी जठराची नळी करून ती छातीत वर ओढलेली असेल, तर तिथे झडपही नसते आणि नसही कापलेली असते. या सगळ्यांत मला सर्वांत जास्त सावध करणारा रुग्ण हाच. आता नागपूर, अमरावतीकडे वजन कमी करण्याचीही ऑपरेशनं होतात. जठराची उभी नळी केलेल्या रुग्णांमध्ये आंबट पाणी वर येण्याचा त्रास वाढलेला आढळतो.

एक कारण मात्र लोक लपवतात. रागाच्या किंवा निराशेच्या भरात कुणी अ‍ॅसिड प्यायलेलं असतं, अन्ननलिका किंवा जठराची वाट आवळून जाते आणि मग जठर आतड्याला जोडावं लागतं. घरात त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलेलं असतं. पण अशा माणसाचा घसाही आतून आकसलेला असू शकतो आणि श्वासाची नळी टाकणं अवघड जातं. नातेवाइकांना बाहेर पाठवायला सांगा आणि डॉक्टरांना एकट्याने सांगा. तुम्ही सांगितलेलं गुपित राखणं हे आमचं काम आहे आणि ऐकताना कोणी तुम्हाला दोष देणार नाही.

कागद सापडलाच नाही तर? मग आठवा: ऑपरेशन कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात, अल्सरसाठी की गाठीसाठी, त्यानंतर थोडं थोडं पण वारंवार जेवायला सांगितलं होतं का, बी-१२ ची इंजेक्शनं लागतात का. घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला हे बहुतेक वेळा अचूक आठवतं. तिला फोन लावा.

दुसरं काम: भुलेच्या तपासणीत सगळं सांगा

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात. लोक याला "फिटनेस काढणं" म्हणतात आणि सही-शिक्क्याचं काम समजून उरकतात. बाहेर गर्दी असते, डॉक्टरही घाईत असतात हे मला माहीत आहे. तरीही हीच ती वेळ. सुरुवातच अशी करा: "यांच्या जठराचं अमुक साली ऑपरेशन झालं आहे." बीपी-शुगरच्या आधी हे वाक्य.

मग त्रास सांगा. आडवं झाल्यावर घशाशी आंबट किंवा कडू पाणी येतं का? रात्री ठसक्याने जाग येते का? दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही का? सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो का? आणि एक प्रश्न तर मी कधीच सोडत नाही: उलटी झाली तर त्यात कालच्या भाकरीचे कण, परवाची भाजी ओळखू येते का? तसं असेल तर जठर रिकामं होत नाही हे जवळजवळ नक्की, आणि ठरलेली तारीख बाजूला ठेवून आधी त्याचा छडा लावावा लागतो.

औषधांची पिशवीच घेऊन या. मधुमेह जुना असेल तर त्याने जठर आणखी मंदावतं. मधुमेहासाठी किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखं औषध चालू असेल तर तेही जठर उशिरा रिकामं करतं. ते कधी थांबवायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, मनाने बंद करू नका.

बी-१२ चा मुद्दा बऱ्याच जणांना नवा वाटेल. जठर काढलं की बी-१२ शोषायला लागणारा घटक मिळत नाही आणि काही वर्षांत त्याची कमतरता होते. भुलेत वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो. आधीच कमतरता असलेल्या माणसाला त्यामुळे पुढे हातापायांत मुंग्या, चालताना तोल जाणं असा मज्जारज्जूचा त्रास होऊ शकतो. हे माहीत असेल तर आम्ही तो वायू वापरत नाही, त्याच्याविनाही भूल उत्तम देता येते. रक्त कमी असणंही या रुग्णांत नेहमीचं, म्हणून हिमोग्लोबिन वेळेवर तपासून घ्या. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी कळलं तर गोळ्यांनी ते भरून निघत नाही.

आता खर्र्याबद्दल, कारण विदर्भात याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षं तोंडात धरला की गालाच्या आतली कातडी ताठर होते आणि जबडा उघडेनासा होतो. रुग्णाला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का ते घरीच बघा. दोनच जात असतील, एकच जात असेल, तर तपासणीच्या वेळी पहिल्या पाच मिनिटांत ते सांगा. पोट भरलेलं असण्याची शक्यता आणि उघडत नसलेलं तोंड हे दोन्ही एकाच माणसात आले, तर भूल देणाऱ्यापुढे याहून कठीण प्रसंग थोडेच असतात. अशा वेळी रुग्णाला जागं ठेवून, घसा बधिर करून, बारीक दुर्बिणीवरून श्वासाची नळी टाकावी लागते. ती सोय प्रत्येक ठिकाणी नसते.

कुठे करायचं, आणि कोणती भूल

यावरून पुढचा प्रश्न येतो: तालुक्याच्या ठिकाणी करायचं की मोठ्या रुग्णालयात? जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ असतील, सक्शन (घशात आलेलं ओढून काढणारं यंत्र), व्हेंटिलेटर, नंतर लक्ष ठेवायला माणसं असतील, आणि जुना त्रास किरकोळ असेल, तर तिथे होऊ शकतं. छातीत ओढलेलं जठर, कालचं अन्न उलटीत येणं, न उघडणारं तोंड, अ‍ॅसिडने आवळलेला घसा यांपैकी काहीही असेल, तर अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी जाणं बरं. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी "पुढे न्या" म्हटलं तर ते टाळताहेत असं समजू नका. माझ्या मते ती प्रामाणिक डॉक्टरची खूण आहे.

काही ऑपरेशनं कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भुलेत होतात. हर्निया, प्रोस्टेट, पायाचं हाड यांत हा पर्याय अनेकदा असतो. माणूस जागा राहतो, ठसका शाबूत राहतो, म्हणून या रुग्णांना तो जास्त सुरक्षित. तेव्हा विचारा, "मॅडम, हे कमरेतल्या इंजेक्शनवर होईल का?" पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्पायनल असलं तरी उपाशी राहायचंच आहे, कारण मध्येच पूर्ण भूल द्यावी लागू शकते. आणि सोबत गाढ झोपेचं औषध दिलं तर स्पायनलचा फायदा बराचसा जातो, म्हणून रुग्णाने "मला काहीच कळू नये" असा हट्ट धरू नये.

आदला दिवस आणि ती सकाळ

सर्वसाधारण नियम असा: पाण्यासारखं नितळ पेय भुलेच्या दोन तास आधीपर्यंत, दूध किंवा हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-तेलकट-मांसाहार आठ तास आधीपर्यंत. हे तास निरोगी पोटासाठी काढलेले आहेत. जठराचं ऑपरेशन झालेल्याने ते स्वतःला लावायचे नाहीत. त्याचे तास भूलतज्ज्ञ ठरवतील आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. अशा रुग्णांना आदला पूर्ण दिवस घट्ट अन्न बंद करून पातळ पदार्थांवर ठेवायला आम्ही बऱ्याचदा सांगतो. सांगितलं तर ते पाळायचं म्हणजे पाळायचं. वरणाचं वरचं पाणी चालेल, वरणात कुस्करलेली भाकर नाही.

संत्र्यांच्या हंगामात आणखी एक काळजी घ्या. जठर कापलेल्यांच्या पोटात संत्र्याचा चोथा आणि पांढरे धागे नीट न विरघळता त्यांचा गोळा होऊन बसतो, हे वैद्यकशास्त्रात चांगलं नोंदलेलं आहे. ऑपरेशनच्या आधीच्या काही दिवसांत अख्खी संत्री खाऊ नका. गाळून रस घेतला तर ठीक, पण ऑपरेशनच्या सकाळी तोही नाही.

चूक कुठे होते, तेही सांगते. "उपाशी या" म्हटल्यावर घरचे चतुर्थीच्या हिशेबाने साबुदाण्याची उसळ, भगर, केळं देतात. भुलेच्या दृष्टीने ते पूर्ण जेवण आहे. दुधाचा चहा नितळ पेय नाही, तो दुधात मोजायचा. बिस्किट म्हणजे अन्न. ताक, उसाचा रस, आंबील, सगळं बाद. खर्रा, तंबाखू, पानही नको, त्याने लाळ सुटते, ती गिळली जाते आणि तोंडात तुकडे राहतात. धारणी किंवा एटापल्लीकडून पहाटेच्या एसटीने निघणारा माणूस वाटेत स्टँडवर पोहे खातो आणि दहा वाजता टेबलावर येतो. म्हणून लांबच्या रुग्णाने आदल्या दिवशीच भरती व्हावं हे उत्तम.

उलट टोकही वाईटच. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांवर असतो. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही असं म्हातारं माणूस दुपारपर्यंत वॉर्डात पडून राहिलं, तर ते सुकतं आणि भूल दिल्याबरोबर रक्तदाब कोसळतो. "पाणी किती वाजेपर्यंत?" हे स्पष्ट विचारा, आणि नंबर लांबला तर सिस्टरना सलाइन लावायला सांगा. साखरपाणी किंवा ग्लुकोज मात्र मनाने देऊ नका. जठर कापलेल्या काही जणांना गोड पाणी पटकन आतड्यात गेल्याने धडधड, घाम, गळाल्यासारखं होतं. उपाशीपोटी थरथर, घाम आला तर लगेच सिस्टरना बोलवा, त्या साखर तपासतील. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, मधुमेहाची थांबवायची का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आणि सकाळी काही खाल्लं गेलंच, तर सांगा. ऑपरेशन पुढे गेलं की गाडीभाडं जातं, दोघांची मजुरी बुडते, पुन्हा तारीख कधी मिळेल माहीत नसतं. हे नुकसान खरं आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. पण एक दिवसाचं नुकसान भरून काढता येतं. "दोन बिस्किटं खाल्ली" हे सांगणाऱ्या नातेवाइकावर कुणी आवाज चढवला, तरीही सांगा.

आत गेल्यावर काय होतं

दाराबाहेर बसलेल्यांना हे माहीत असलं की जीव थोडा हलका होतो. आधी आम्ल कमी करणारं आणि जठरातलं पुढे ढकलणारं औषध शिरेतून दिलं जातं. कधी नाकातून जठरात नळी घालून आतलं पाणी काढतात. रचना बदललेल्या पोटात ही नळी जपून घालावी लागते, आणि तिच्यातून घट्ट अन्न येत नाही, म्हणून नळी घातली म्हणजे पोट रिकामं झालं असं होत नाही. सोनोग्राफीने जठर भरलं आहे का ते हल्ली बघता येतं. मात्र त्यावरून किती मिलिलिटर आहे हे काढायचं गणित न कापलेल्या जठराचं आहे, त्यामुळे इथे त्यावर पूर्ण भिस्त ठेवत नाहीत.

मग टेबलाची डोक्याकडची बाजू उंच करतात, सक्शनची नळी चालू करून हाताशी ठेवतात आणि मास्कमधून सुमारे तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. त्या वेळी रुग्णाने नुसता शांत, खोल श्वास घ्यायचा. मास्कने गुदमरल्यासारखं वाटलं तरी ती तीन मिनिटंच पुढची सुरक्षितता देतात. नंतर झोपेचं आणि स्नायू सैल करणारं औषध एकामागोमाग पटकन दिलं जातं, आणि मिनिटभरात श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसवली जाते. फुगा फुगवला की पोटातलं फुफ्फुसात जायची वाट बंद होते. मधल्या वेळात पोटातलं वर येऊ नये म्हणून एक सहकारी गळ्यासमोरच्या कड्यासारख्या कूर्चेवर बोटांनी दाब देतो. ब्रायन सेलिक या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने १९६१ साली ही युक्ती मांडली. बेशुद्ध झाल्यावर हा दाब ३० न्यूटन, म्हणजे साधारण ३ किलो वजनाइतका असावा असं शिकवतात. या युक्तीचा नेमका किती उपयोग होतो यावर आज भूलतज्ज्ञांत मतभेद आहेत, पण अनेक ठिकाणी ती अजून वापरली जाते. छोट्या ऑपरेशनांत घशाच्या वरच बसवायचा मास्क वापरतात, तो अशा रुग्णाला बहुधा टाळतात, कारण तो फुफ्फुसाचा तितका बचाव करत नाही.

याआधी तुमच्यासमोर ‘हाय रिस्क’ असं लिहिलेला संमतीचा कागद येईल. तो पाहून बरीच मंडळी हादरतात, काही रुग्णाला घेऊन परत जातात. जुना व्रण आम्ही गंभीरपणे घेतला आहे आणि तयारी त्या हिशेबाने केली आहे, हेच त्या कागदात लिहिलेलं असतं. सही करण्याआधी नेमका कोणता धोका आणि त्यावर काय तयारी, हे विचारा. समजेल अशा मराठीत ते सांगणं हे आमचं कर्तव्य आहे.

शुद्धीवर येताना आणि नंतर

अ‍ॅस्पिरेशन नळी काढतानाही होतं, हे नव्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून रुग्ण पूर्ण जागा झाल्यावर, डोळे उघडून सांगितलेलं ऐकू लागल्यावरच नळी काढतात. "अजून बाहेर का आणलं नाही" म्हणून दार वाजवू नका. वॉर्डात आल्यावर डोक्याकडची बाजू उंच ठेवा, गुंगी असेल तर कुशीवर वळवा. घसा कोरडा पडतो, रुग्ण पाणी मागतो, आणि माय-बहिणीला ते बघवत नाही. तरी सिस्टरनी सांगितल्याशिवाय चमचाभरही नको. पाणी सुरू झाल्यावरही बसवून, घोट घोट द्यायचं.

कशावर नजर ठेवायची? सतत खोकला, घरघर, दम लागणं, बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली जाणं, ओठ निळसर पडणं. यांतलं काही दिसलं तर लगेच सांगा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या त्याच अभ्यासात, पोटातलं फुफ्फुसात गेल्यानंतर दोन तासांत काहीच लक्षण न दिसलेल्या रुग्णांना पुढे श्वासाचा त्रास झाला नाही. तेव्हा पहिले दोन तास सोबतच्या माणसाने उठून जाऊ नये. घरी गेल्यावर एक-दोन दिवसांत ताप, छातीत दुखणं, पिवळा कफ आला तर वाट न बघता परत या.

अचानक ऑपरेशन करावं लागलं तर

शेतात पडून खुबा मोडला, रस्त्यावर अपघात झाला, आतडं अडकलं. अशा वेळी उपाशी राहायला वेळ मिळत नाही. दुखणं, भीती आणि काही वेदनाशामक इंजेक्शनं यांनी जठराचं काम थांबतं, त्यामुळे मार लागायच्या आधी जेवलेलं बारा तासांनीही आत असू शकतं. १०८ ची गाडी येईपर्यंत जखमीला चहा-पाणी पाजू नका, आपल्याकडे मायेने पहिलं तेच केलं जातं. गाडीतल्या डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: शेवटचं कधी आणि काय खाल्लं, मार किती वाजता लागला, आणि जठराचं जुनं ऑपरेशन आहे. जखमी बेशुद्ध असेल तर तिसरी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत असते.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी दोन कागद मागून घ्या. एक नेहमीचा डिस्चार्ज. दुसरा भुलेबद्दलची चार ओळींची नोंद: जठराचं कोणतं ऑपरेशन कधी झालं होतं, या वेळी भूल कशी दिली, श्वासाची नळी सहज गेली की अवघड, पोटातून काही निघालं का. दोन्हींचे फोटो घरातल्या दोन मोबाइलांत ठेवा आणि मूळ कागद आधारकार्ड व योजनेच्या कार्डाबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. पुढच्या वेळी कुठल्याही गावात, कुठल्याही डॉक्टरकडे जाल, तेव्हा ती पिशवी आधी त्यांच्या हातात द्या.